मुकुट आठवतो, कायदा आठवत नाही

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आता तीस वर्षे होऊन गेली आणि त्या काळाच्या आठवणींना भलताच बहर आला आहे. पुरवण्यांचे रकाने, वाहिन्यांचे खास कार्यक्रम, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, कुठेही पाहा, तेच प्रसंग पुन्हा भेटतात. मे १९९४ मध्ये मनिला येथे सुश्मिता सेनला मिळालेला मिस युनिव्हर्सचा मुकुट. ऑगस्टमधला ‘हम आपके हैं कौन’. सप्टेंबरमध्ये कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकरने ठोकलेले पहिले एकदिवसीय शतक. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर दूध ‘पिऊ’ लागलेले गणपती. दिवाळीच्या तोंडावर आलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवरून रडत परतणारा विनोद कांबळी. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम. नाशिकला विचारा, नागपूरला विचारा, यादी साधारण हीच मिळेल. ती खोटी नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या आनंदाचा आणि हळहळीचा तो खरा हिशेब आहे. पण तो निम्माच आहे. याच वर्षांत, कधी चार दिवसांच्या तर कधी चार आठवड्यांच्या अंतराने, अशा काही गोष्टी घडल्या ज्यांनी आपल्या घरातले, गावातले आणि रानातले हक्क बदलले, किंवा बदलायला हवे होते. त्या आपण विसरलो. आणि विसरलो म्हणूनच त्या अर्धवट राहिल्या, असे माझे म्हणणे आहे.

१९९४ चा उन्हाळाच घ्या. २१ मे रोजी सुश्मिता सेनला मुकुट मिळाला आणि भारतीय मुलगी जगात कुठे पोहोचू शकते याची चर्चा घरोघर झाली. त्यानंतर बरोबर महिन्याभराने, २२ जून १९९४ पासून, महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातली राज्याची दुरुस्ती अमलात आली. १९५६ च्या मूळ कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला होता. मात्र एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळे तो मुलांनाच. मुलीला मिळे ती वडिलांच्या हिश्श्यातली वाटणी. शेतकऱ्याच्या घरात मालमत्ता म्हणजे मुख्यतः वडिलोपार्जित जमीन, त्यामुळे हा फरक फार मोठा होता. १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची सहहक्कदार, ठरवले, तिला वाटणी मागण्याचा हक्क दिला आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही दिली. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये आणि तामिळनाडूने १९८९ मध्ये हे पाऊल उचलले होते. संपूर्ण देशाला ते उचलायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत एक मोठी उणीव होती. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिने बाहेर ठेवले होते. केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि हा हक्क जन्माचाच आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरणही १९९४ च्या त्याच जूनमधले. असा महिना राज्याच्या इतिहासात क्वचित येतो. तरी नव्वदच्या दशकावरच्या कोणत्याही स्मरणरंजनात जून १९९४ सापडत नाही.

कागदावर एवढे मिळूनही गावात काय होते, ते तलाठी कार्यालयातल्या फेरफारांवरून कळते. वडील वारतात, वारस नोंदीचा अर्ज होतो, फेरफार धरला जातो आणि सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात. इथवर कायदा नीट चालतो. मग सणासुदीला किंवा वर्षश्राद्धाला बहिणी माहेरी आल्या की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते. बहिणी सही करतात, अंगठा उमटवतात, आणि पुढच्या फेरफाराने त्यांची नावे कमी होतात. बदल्यात साडीचोळी, कधी थोडी रक्कम आणि माहेरचे येणेजाणे तुटणार नाही हा भरवसा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात जमिनीचे मोल मोठे आणि बागेवरचे कर्जही मोठे, तेव्हा भावांची बाजूही समजून घ्यायला हवी: बाग तुकड्यातुकड्यांनी परवडत नाही आणि राबणारे हात त्यांचे असतात. हक्कसोड करणे बेकायदा नाही. स्वखुशीने कोणीही आपला वाटा सोडू शकते. पण आपण काय सोडतो आहोत हे सोडणारीला पुरते माहीत असेल, नाही म्हणायची तिला खरीखुरी मोकळीक असेल, तरच ती स्वखुशी. ज्या समाजाला मुकुटाचे साल तोंडपाठ आहे आणि मुलीच्या हक्काचे साल ठाऊक नाही, त्या समाजात ही माहिती तिला कोण देणार? आठवण हा केवळ मनाच्या विरंगुळ्याचा विषय नाही, तो असा थेट सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

नोव्हेंबर १९९४ ची जोडी याहून दुखरी आहे. १९ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आणि एकाच वर्षी दोन्ही मुकुट भारतात आले. चौथ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला. गुरे राखणे हा या समाजाचा पिढीजात धंदा. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. बायका लेकरांना घेऊन आल्या होत्या. मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुलांचा भरणा मोठा होता. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोग नेमला गेला, पुढे झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले आणि एका उड्डाणपुलाला शहीद गोवारींचे नाव मिळाले. मूळ मागणी मात्र न्यायालयात फिरत राहिली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांचा आकडा आपल्या शाळकरी मुलांना पाठ असतो, आणि असायलाच हवा. ११४ हा आकडा ऐकून नाशिक, पुणे, कोल्हापुरात किती जणांना काही आठवते?

यावर एक वाजवी आक्षेप येईल. माणसाच्या मनात चित्र राहते, कलम राहत नाही. मुकुट घातलेला चेहरा, बॅट उंचावणारा सचिन, रडणारा कांबळी ही चित्रे आहेत; वारसा कायद्यातल्या दुरुस्तीचे चित्र कुठून आणायचे? हा आक्षेप अर्धा खरा आहे. कायद्यापुरता तो पटतो, गोवारींच्या बाबतीत नाही. नागपुरात त्या संध्याकाळी काय दिसले याची छायाचित्रे आणि वार्तापत्रे राज्यातल्या दैनिकांनी छापली होती. चित्र होते, तरी ते टिकले नाही. कारण प्रसंग एकदा पाहून टिकत नाही, तो पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो, आणि पुन्हा दाखवण्यात ज्याचा काही लाभ असतो तोच दाखवतो. चित्रपटाला निर्माता असतो, सामन्याच्या चित्रफितीला हक्कदार असतो, गाण्याला कंपनी असते. ‘दिलवाले’ मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षे चालत राहिला आणि दर वर्धापनदिनी त्याची बातमी झाली. राजकीय पक्षांनाही आपल्या आठवणींची किंमत कळते. १९९४ मध्ये नाशिकला शिवसेनेचे अधिवेशन झाले आणि पुढच्याच वर्षी, मार्च १९९५ मध्ये, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. ती खूण धरून उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा नाशिकलाच अधिवेशन घेतले. पक्षाच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की २२ जून आणि २३ नोव्हेंबर या तारखांना असा राखणदार का नाही?

तिसरी जोडी थेट नाशिक जिल्ह्याच्या अंगणातली आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीत नाचला, त्या रात्रीची वर्णने आजही रंगवून सांगितली जातात. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, २४ डिसेंबर १९९६ रोजी, पंचायत उपबंध अनुसूचित क्षेत्रांपर्यंत वाढवणारा कायदा झाला. गावोगावी त्याला ‘पेसा’ म्हणतात. दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या या कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, जमीन संपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत बंधनकारक केली, दारूवर आणि सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार देऊ केला. पेठ, सुरगाणा, कळवण हे पूर्ण तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणचा काही भाग या कायद्याखाली येतो. म्हणजे जिल्ह्याचा बराचसा पश्चिम पट्टा. आता पुढचा हिशेब पाहा. या कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्यावाचून होऊ शकत नाही ते नियम महाराष्ट्राने केले २०१४ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. जॅक्सनच्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचा प्रश्नही लांबला. ३ कोटी ३६ लाख रुपयांच्या करमाफीचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो जानेवारी २०२१ मध्ये. पण त्या फायलीचा पाठपुरावा करणारे, तिच्यासाठी न्यायालयात जाणारे, तिच्यावर बातम्या लिहिणारे सतत कोणी ना कोणी होते. सुरगाण्याच्या ग्रामसभेचा पाठपुरावा शहरात कोणी केला?

तो त्या माणसांनाच पायी येऊन करावा लागला. ६ मार्च २०१८ ला नाशिकमधून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. त्यांत बहुसंख्य होते ते सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी, आणि कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, खायला दिले, सोललेल्या पायांची छायाचित्रे पाहून शहर हळहळले. ही माणसे अचानक कुठून आली, असे तेव्हा अनेकांना वाटले. ती अचानक आलेली नव्हती. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा अशी दोन आश्वासने त्यांच्या हातात होती आणि दोन्हींची पुरती पूर्तता झालेली नव्हती. ज्यांच्या स्मरणात डिसेंबर १९९६ असता त्यांना मार्च २०१८ चे आश्चर्य वाटले नसते. विस्मरणाची ही सगळ्यात मोठी हानी आहे: आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांची सहा दिवसांची पायपीट आपल्याला एकाएकी उमटलेली घटना वाटते, तिची कारणे दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप आनंदाच्या बाजूने येईल. दिवसभर राबून माणूस थोडा वेळ जुनी गाणी ऐकतो, जुना सामना पाहतो, तर तिथेही कायदा आणि मोर्चा आणून त्याचा विरस का करायचा? आनंदाचा हा हक्क मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना त्या आनंदाचे मोल केवळ करमणुकीपुरते नव्हते, असेही मी म्हणेन. सचिनच्या खेळाने एका पिढीला जगासमोर ताठ उभे राहायला शिकवले. दोन मुकुटांनी, सौंदर्यस्पर्धांच्या बाजाराबद्दल कितीही रास्त टीका झाली तरी, लहान शहरांतल्या पुष्कळ मुलींना घराबाहेर पडून काही करायची उमेद दिली. म्हणूनच तर त्या मुकुटाच्या शेजारी २२ जूनचा कायदा ठेवायला हवा. उमेद आणि हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. मुकुटाने मुलीला सांगितले की तू काहीही होऊ शकतेस. कायद्याने सांगितले की तू जिथे जन्मलीस त्या जमिनीवर तुझा भावाइतकाच अधिकार आहे. पहिले वाक्य आपण तिला तीस वर्षे ऐकवले आणि दुसरे दडपून ठेवले. दोन्ही एका श्वासात सांगितली तर आनंद उणावणार नाही, त्याला पाया मिळेल.

कोणी असेही म्हणेल की विसरले कुठे? दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव नागपूरच्या स्मारकावर येतात. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. दर संक्रांतीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो लोक नतमस्तक होतात. हे खरे आहे आणि ते फार महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून सिद्ध होते की आठवण आपोआप टिकत नाही, निष्ठेने टिकवावी लागते. पण या उत्तरातच दुखणे दडलेले आहे. ज्याचे दुःख त्याने जपावे, ज्याचा विजय त्याने साजरा करावा, आणि सगळ्यांनी मिळून फक्त सिनेमा आणि क्रिकेट आठवावे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला, त्यात माणसे मारली गेली, घरे जळाली. तो दलित समाजाचा घरचा प्रसंग नव्हे, महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे ते एक मोठे पान आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या शहरात झाला त्या नाशिकला तर हे कोणी वेगळे सांगायला नको. आठवणींची जातवार आणि प्रदेशवार वाटणी झाली की जबाबदारीचीही तशीच वाटणी होते, आणि मग पेठची पाणीटंचाई पेठची राहते, नागपूरची चेंगराचेंगरी नागपूरची.

जे खरोखर मोठे असते ते काळाच्या ओघात आपोआप वर येते, हा शेवटचा आणि सगळ्यांत लाडका समज. खाशाबा जाधवांचे उदाहरण तो खोडून काढायला पुरेसे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ३ ऑगस्ट १९९६ ला अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हा देशभरच्या बातम्यांत खाशाबांचे नाव आले, कारण ‘चव्वेचाळीस वर्षांनी’ हे शब्द त्यांच्यावाचून लिहिता येत नव्हते. खाशाबा अपघातात गेले त्याला तोवर बारा वर्षे होत आली होती. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव लाभले ते राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने, २०१० मध्ये. हयातीत जे मिळायला हवे होते ते त्यांना मिळाले नाही. काळाने त्यांना वर आणले असे म्हणणे हा आपल्या बेफिकिरीवर घातलेला पडदा आहे. दुसऱ्याच्या यशाला आकडेवारीचा आधार हवा होता म्हणून ते आठवले गेले, आणि तेही उशिरा. माणसांची ही गत, तर कलमांची आणि मागण्यांची काय सांगावी?

म्हणून काही साध्या गोष्टी, आणि त्या नाशिकमधून सुरू व्हाव्यात. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि जिल्ह्यातली महाविद्यालये यांनी मिळून १९९३ ते १९९७ या वर्षांतल्या स्थानिक दैनिकांचे जुने अंक जिथे असतील तिथून गोळा करावेत, ते वाचता येतील अशा रूपात जतन करावेत आणि दरवर्षी त्यांतली निवडक पाने लोकांसमोर मांडावीत. सिनेमाची जाहिरात आणि मोर्चाची बातमी तिथे एकाच पानावर सापडेल, तशीच ती दाखवावी. वृत्तपत्रांनी आपल्या आठवणींच्या सदरांत हा शेजार कसोशीने पाळावा: मे १९९४ आला की जून १९९४ यावा, १९ नोव्हेंबर आला की २३ नोव्हेंबर यावा. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, झेंडावंदनानंतर जमलेल्या गावासमोर, मुलीच्या वारसाहक्काची तरतूद सोप्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी त्याबरोबर पेसातले आपले अधिकारही वाचावेत. याला फार खर्च नाही, वटहुकूम नको, फक्त ठरवणारे चार लोक हवेत. हे लगेच व्हायला हवे, कारण १९९४ मध्ये ज्या मुली जन्मल्या त्या आता तिशी ओलांडून गेल्या आहेत आणि त्यांचे वडील थकले आहेत. वारस नोंदीचे अर्ज आणि हक्कसोडीचे कागद त्यांच्यापुढे यायची हीच वर्षे आहेत. त्या कागदावर सही करायची की नाही, हे ठरवण्याआधी आपला हक्क त्यांना कळलेला असणे, हे त्यांचे आपल्याकडे असलेले तीस वर्षांचे येणे आहे.